हरणीचे लक्ष आणि चाळीस पावले

हरणी आमच्याकडे आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. लातूर जिल्ह्यातल्या मामांच्या गावाहून पुण्यापर्यंतचा सगळा प्रवास तिने माझ्या मांडीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळून घेऊन केला आणि वाटेत दोनदा ओकली. ती कारवानी कुत्री आहे. सडपातळ, लांब पायांची, लांब मुस्कटाची, पोट आत गेलेली. तिच्याकडे पाहून सोसायटीतले लोक मला अजूनही काळजीने विचारतात की हिला तुम्ही पोटभर खायला घालता ना. याच घराण्यातल्या कुत्र्यांना कर्नाटकात मुधोळ हाउंड म्हणतात. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने ही कुत्री जोपासली आणि २००५ साली टपाल खात्याने भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटे काढली तेव्हा त्यांत मुधोळ हाउंडही होते. या थोर वंशावळीचा मला काडीचाही उपयोग झाला नाही. वाहनतळाच्या कोपऱ्यात उभी राहून मी "बस" म्हणत असे, आणि हरणी भिंतीवरून उडत चाललेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे पाहत असे.

पहिल्या चार-पाच महिन्यांत "हिचे लक्षच नसते" हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले की शेवटी ते मामांच्या कानावर गेले. मामांनी आयुष्यभर कारवानी कुत्री पाळली, त्यांतल्या एकालाही त्यांनी बस-ऊठ शिकवलेले नाही, आणि माझ्या या शहरी खटाटोपाकडे ते थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा करमणुकीने पाहतात. फोनवर ते म्हणाले, "आगं, लक्ष न्हाई कसं म्हंतीस? चार वावरं पल्याड पाला हालला तरी तिला दिसतंय. लक्ष हाय तिचं, तुज्याकडं न्हाई एवढंच."

मला वाईट वाटले. पण प्रशिक्षणाविषयी मी नंतर जे काही शिकले ते या एका वाक्याच्या पुढे फारसे गेले नाही. लक्ष नसणे आणि लक्ष दुसरीकडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कुत्र्यात काहीतरी कमी आहे असे आपण मानतो आणि ते भरून काढण्यासाठी आवाज चढवतो, पट्टा ओढतो. दुसरीत आपल्याला आधी हे शोधावे लागते की ते लक्ष कोठे गेले आहे, तेथेच का गेले आहे, आणि आपण त्याच्या किती जवळ उभे आहोत.

हरणीच्या बाबतीत ते का जाते, याचे उत्तर तिच्या डोळ्यांतच आहे. कारवानी हे नजरेने शिकार करणारे कुत्रे आहे. लांब मुस्कटाच्या कुत्र्यांच्या दृष्टिपटलावर पाहण्याच्या कामाच्या पेशी एका आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, आखूड नाकाच्या कुत्र्यांत त्या मध्यभागी एकवटलेल्या असतात. त्यामुळे क्षितिजावर डावीकडून उजवीकडे काहीही सरकले तरी ते हिच्या नजरेतून सुटत नाही. शिवाय कुत्र्याला मान न वळवता सुमारे २४० अंशांचा परिसर दिसतो, म्हणजे ती माझ्याकडे तोंड करून बसलेली असतानाही तिच्या कानामागून जाणारी खार तिला दिसतच असते. माझ्या चेहऱ्यावर मात्र हालचाल अशी काहीच नसते. स्थिर उभ्या असलेल्या, तोच तो शब्द पुन्हापुन्हा म्हणणाऱ्या बाईपेक्षा उडणारी पिशवी तिला महत्त्वाची वाटली, यात तिची काही चूक होती असे मला आता वाटत नाही.

लाल चेंडूची गोष्टही याच काळातली. मी हौसेने लाल रबरी चेंडू आणला होता, तो हिरवळीवर फेकत होते, आणि ती दोन पावले धावून मध्येच थांबत होती व गोंधळून इकडेतिकडे पाहत होती. मी वहीत लिहिले, "खेळातही मन लागत नाही." कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग चांगले दिसतात, पण लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, हे मला नंतर समजले. चेंडू घरंगळत होता तोवर तिला दिसत होता, आणि थांबला की गवतात विरघळून जात होता. निळा चेंडू आणल्यावर मन लागले.

त्या वहीविषयी थोडे सांगायला हवे, कारण आमच्या सगळ्या प्रगतीचा हिशेब तिच्यातच आहे. शाळेची दुरेघी वही आहे. तिच्यात डाव्या बाजूला हरणीचे लक्ष खेचणाऱ्या गोष्टींची नावे आहेत: दुसरे कुत्रे, धावणारे मूल, सायकल, बकऱ्या, लांडोर, खार, मांजर. उजव्या बाजूला पावलांचे आकडे आहेत. ती गोष्ट समोर दिसत असतानाही हरणी माझ्या हातातला खाऊ घेऊ शकते आणि एकदा हाक मारल्यावर माझ्याकडे वळू शकते, असे कमीत कमी अंतर तो आकडा सांगतो. पहिल्या महिन्यात दुसऱ्या कुत्र्यासमोर चाळीस पावले लिहिलेली आहेत. एकोणचाळिसाव्या पावलावर ती बहिरी होत असे.

खाऊ घेणे ही खूण मला सर्वांत विश्वासाची वाटते. घरी ज्या पनीरच्या तुकड्यासाठी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तासभर तपश्चर्या करते, तोच तुकडा बाहेर तिच्या ओठांना लावूनही ती तोंड वळवते, तेव्हा ती हट्टीपणा करत नसते. त्या जागी शिकण्याच्या अवस्थेतच ती नसते. अशा वेळी खाऊ बदलून उपयोग होत नाही आणि ओरडून तर नाहीच नाही. मागे सरायचे, पाच पावले, दहा पावले, ती पुन्हा खाऊ लागेपर्यंत. सुरुवातीला या माघारीची मला लाज वाटत असे, कारण बाकावर बसलेली ज्येष्ठ मंडळी पाहत असत. एकदा एक काका म्हणाले, "तुम्ही तिला फिरवता की ती तुम्हाला?" प्रश्न रास्त होता.

प्रत्यक्ष शिकवणे आम्ही सुरू केले ते बैठकीच्या खोलीत, पंखा आणि दूरचित्रवाणी दोन्ही बंद करून, आणि पहिला धडा "बस" हा नव्हताच. मी पनीरचा तुकडा मुठीत धरून हात बाजूला, खांद्याच्या रेषेत लांब केला आणि गप्प उभी राहिले. हरणीने मूठ हुंगली, चाटली, पंजाने खरवडली, मग मागे बसून मुठीकडे टक लावली. मी काहीही बोलले नाही. साधारण मिनिटभराने, बहुधा कंटाळून, तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिले, जणू विचारत होती की तुमचे नक्की काय चालले आहे. त्याच क्षणी मी "हो!" म्हटले आणि मूठ उघडली. दुसऱ्या वेळी वीस सेकंद लागले. सहाव्या-सातव्या वेळी तिने मुठीकडे पाहिलेच नाही, थेट माझ्याकडे पाहिले. खाऊ हवा असेल तर खाऊकडे नव्हे, माणसाकडे पाहायचे, एवढे तिला कळले होते, आणि ते तिने स्वतः शोधून काढले होते. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की न सुटणारे कोडे समोर ठेवले तर कुत्री माणसाच्या तोंडाकडे पाहू लागतात, आणि माणसांनी वाढवलेले लांडगे मात्र कोड्याशीच झटत राहतात. म्हणजे आपल्याकडे पाहण्याची ओढ कुत्र्यात बरीचशी उपजतच असावी. ती दिसावी म्हणून आपण थोडा वेळ तोंड बंद ठेवले पाहिजे, आणि हे मला कठीण गेले.

"हो!" या शब्दाने मात्र घात केला. बरोबर कृतीच्या क्षणी एक ठरावीक आवाज करायचा आणि त्यानंतर न चुकता खाऊ द्यायचा, म्हणजे काही दिवसांत तो आवाजच बक्षिसाची हमी होतो, ही पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतली जुनी गोष्ट आहे. आवाज छोटा, नेमका आणि एरवी कानावर न पडणारा हवा. माझ्या सासूबाई रोज दुपारी त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलतात आणि त्या संभाषणात त्यांच्या बाजूचा मुख्य शब्द "हो" हाच असतो. "हो. हो, हो. हो ना!" चौथ्या दिवशी मी कार्यालयातून घरी आले तेव्हा त्यांनी तक्रार केली, "अगं, ही सारखी माझ्यासमोर येऊन बसते आणि टक लावून पाहते. मला भीतीच वाटली." हरणी बिचारी प्रत्येक "हो"ची वसुली करायला जात होती, आणि दुपारभर तिला एकही तुकडा मिळाला नव्हता, म्हणजे मी चार दिवसांत कमावलेली पत सासूबाईंनी दोन फोनमध्ये बुडवली होती. तेव्हापासून मी जीभ टाळूला लावून "टॉक" असा आवाज काढते. बाजारात याच कामासाठी क्लिकर नावाची छोटी टिकटिकी मिळते आणि ती चांगलीच असते, पण माझ्या एका हातात पट्टा असतो, दुसऱ्यात खाऊ, आणि जीभ घरी विसरत नाही.

नावाचेही असेच झाले होते. दिवसातून शंभर वेळा "हरणी, हरणी, अगं हरणी" असे म्हटल्यामुळे तो शब्द तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा झाला होता. एकदा हाक मारायची, वळली की "टॉक" आणि खाऊ. न वळल्यास पुन्हा हाक न मारता आपण जवळ जायचे किंवा तिला लांब न्यायचे, हा नियम मी घरातल्या सर्वांना सांगितला. सासूबाईंनी तो पाळला नाही. त्या तिला "हरणाबाई" म्हणू लागल्या, त्यामुळे "हरणी" हा शब्द आपोआप वाचला.

सरावाच्या वेळेविषयी माझी समजूत अशी होती की जितका जास्त तितका चांगला, आणि रोज अर्धा तास तरी घासून घेतलेच पाहिजे. आता मी एका वाटीत बारा तुकडे मोजून घेते, हरभऱ्याच्या डाळीएवढे, उकडलेल्या कोंबडीचे किंवा पनीरचे. वाटी संपली की तास संपला. तीन मिनिटे लागतात, फार तर चार. कोपनहेगनच्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांवर केलेले काम २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यात आठवड्यातून एक-दोनदा आणि थोडाच वेळ शिकवलेली कुत्री रोज आणि जास्त वेळ शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा कमी पाठांत शिकली, आणि चार आठवड्यांनी शिकलेले मात्र सगळ्यांच्याच लक्षात होते. मी आठवड्यातून चार दिवस सराव घेते, कारण एक-दोन दिवसांवर माझाच जीव भागत नाही. महत्त्वाचे हे की ती अजून उत्सुक असतानाच थांबायचे. बारावा तुकडा संपल्यावर ती वाटीकडे आणि माझ्याकडे आलटूनपालटून पाहते, आणि तिची ती नाराजी मला पुढच्या खेपेला उपयोगी पडते. हे सगळे तुकडे तिच्या रोजच्या जेवणातून वजा करते, नाहीतर सडपातळ कारवानीची भरलेली पखाल व्हायला वेळ लागत नाही. आणि कोणी कौतुकाने मनुका पुढे केल्या तर मी जवळजवळ झडपच घालते, कारण द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

मधल्या काळात, माझाच धीर सुटल्यामुळे, मी तिला एका प्रशिक्षकाकडे नेले होते. त्यांनी गळ्यात आवळणारी साखळी घातली आणि लक्ष विचलित झाले की झटका द्यायचा, असे शिकवले. पहिल्या दिवशी परिणाम दिसला. झटका बसला की हरणी दचकून माझ्याकडे पाही, आणि मला वाटले की जमले. दुसऱ्या आठवड्यात ती मैदानात पाऊल टाकताच जमीन हुंगू लागली, पुन्हापुन्हा जांभया देऊ लागली, जिभेने नाक चाटू लागली आणि माझ्याकडे पाहणे तिने बंदच केले. प्रशिक्षक म्हणाले, "बघा, वास घेत बसली, लक्ष नाही." मी घरी येऊन वाचत बसले. झोप आलेली नसताना येणाऱ्या जांभया, खाणे समोर नसताना ओठ चाटणे, नको त्या वेळी जमीन हुंगणे ही कुत्र्यांत ताणाची लक्षणे असू शकतात. तिचे लक्ष होते, पूर्णपणे माझ्यावर आणि माझ्या हातातल्या साखळीवर होते. फक्त ते आता भीतीचे होते आणि त्यामुळे ती नजर चुकवत होती. साखळी मी भंगारात घातली. दिलेली फी परत मागण्याचे धैर्य मात्र झाले नाही. त्या तीन आठवड्यांचे नुकसान भरून यायला अडीच महिने लागले, आणि वहीत त्या काळात सगळे आकडे पुन्हा वाढलेले दिसतात.

आठव्या महिन्यात तिने मला जो त्रास दिला त्याचा दोष मात्र मी कोणालाच देत नाही. शिकलेले सगळे विसरल्यासारखी ती वागू लागली, आणि खालच्या मजल्यावरच्या मुलाने "बस" म्हटले की मुकाट्याने बसू लागली. मला हा सरळसरळ अपमान वाटला. ब्रिटनमध्ये अंधांना वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्यांच्या पिल्लांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच आढळले होते: पाच महिन्यांच्या मानाने आठव्या महिन्यात कुत्री आपल्या पालकाचे कमी ऐकतात, परक्याचे मात्र ऐकतात. घरात एक पंधरा वर्षांची मुलगी असल्यामुळे मला हे पटायला जड गेले नाही.

लांडोरीचा प्रसंग यानंतरचा, गेल्या हिवाळ्यातला. आम्ही सकाळी सव्वासहाला वेताळ टेकडीवर जातो. हरणीच्या पाठीवर हार्नेस आणि त्याला दहा मीटरची दोरी असते. मोर-लांडोरी असलेल्या टेकडीवर कारवानी कुत्रा मोकळा सोडणे हा गुन्हाच मानला पाहिजे, त्या पक्ष्यांचा आणि त्या कुत्र्याचाही. त्या दिवशी गवत सुकून पिवळे पडले होते आणि त्याच रंगाची एक लांडोर साधारण तीस पावलांवर दाणे टिपत होती. मला ती दिसलीच नाही. मला हरणी दिसली. तिचे लोंबते कान मुळाशी उचलले गेले, तोंड मिटले, धापणे थांबले, पुढचा उजवा पाय जमिनीपासून चार बोटे वर येऊन तसाच राहिला, आणि पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत एक ताण सरकत गेला. हा ताण पूर्ण होण्याच्या आत काही करायचे असते, कारण तो पूर्ण झाला की समोर फक्त धावणे उरते.

पूर्वी मी अशा वेळी दोरी आखडून तिच्यासमोर उभी राहिले असते, म्हणजे नेमके तिला जे पाहायचे आहे ते झाकले असते. आता उलटे करते. ती लांडोरीकडे पाहत असतानाच मी "टॉक" केले. म्हणजे पाहिल्याबद्दलच बक्षीस. हे ऐकून पुष्कळांना वाटते की अशाने ती अधिकच पाहील. ती पाहते खरी, पण पाहून झाल्यावर हिशेब चुकता करून घ्यायला माझ्याकडे वळते, आणि मला ते वळणेच हवे असते. पहिल्या "टॉक"ला तिचा एक कान फक्त मागे फिरला. मी तीन पावले मागे सरकले, दोरी सैल ठेवून. दुसऱ्या "टॉक"ला मान वळली, तुकडा घेतला, पुन्हा लांडोर. तिसऱ्याला लगेच वळली. पाचव्या-सहाव्या वेळी तिने लांडोरीकडे ओझरते पाहिले आणि मी आवाज करण्याच्या आधीच माझ्याकडे पाहिले, "पाहिली, आता द्या" अशा चेहऱ्याने. तेव्हा मी खाऊ दिला नाही, "जा" म्हटले आणि दोरी जाईल तेथपर्यंत तिच्याबरोबर पळत गेले, लांडोरीच्या विरुद्ध दिशेला, उतारावरून. भाजी संपव मग श्रीखंड मिळेल, हा प्रत्येक आजीचा नियम १९५९ साली डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने रीतसर मांडला: जे करण्याची ओढ जास्त, तेच कमी ओढीच्या कामाचे बक्षीस होऊ शकते. हरणीच्या लेखी पनीरपेक्षा पळणे मोठे आहे. माझ्या गुडघ्यांच्या लेखी नाही.

ऋतूप्रमाणे सगळे वेळापत्रक हलते. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर सराव घेत नाही, कारण धापणारे कुत्रे स्वतःला थंड ठेवण्याच्या कामात गुंतलेले असते आणि त्याला त्या वेळी शिकवणे निरर्थक आहे. डांबरावर माझा तळहात पाच सेकंद टेकवत नसेल तर तिचे पंजेही तेथे टेकवायचे नाहीत. गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी ढोलपथकांचा सराव चालतो, तेव्हा आम्ही संध्याकाळचा तास घरातच घेतो आणि तोही सोप्या, जुन्या धड्यांचा. घरात फरशीवर पक्का झालेला "बस" गच्चीवर पुन्हा शिकवावा लागतो, गच्चीवरचा वाहनतळात, वाहनतळातला टेकडीवर. कुत्र्याला शब्दाबरोबर जागाही पाठ होते.

परवा वही चाळली. दुसरे कुत्रे, चाळीसवरून नऊ. धावणारे मूल, सहा. बकऱ्या, चौदा. लांडोर, बावीस, आणि हा आकडा महिनाभर हललेला नाही. मामांना मी हे फोनवर अभिमानाने सांगितले, तर ते म्हणाले, "आन् मांजर?" मांजराच्या रकान्यात अजून काहीच लिहिलेले नाही. आमच्या वाहनतळात एक करड्या रंगाचा बोका रोज सकाळी त्याच एका स्कूटरच्या आसनावर बसलेला असतो आणि हरणीला पाहून हलतही नाही. त्याच्यासाठी लागणारे अंतर आमच्या सोसायटीच्या आवारापेक्षा मोठे असावे. म्हणून सध्या आम्ही मागच्या फाटकाने बाहेर पडतो.